पुढच्या बैठकीत ठेवू

आमच्या मंडळाचं काम बोलण्याचं होतं. आम्ही अन्नछत्र चालवत नव्हतो, कपडे वाटत नव्हतो, औषधही देत नव्हतो. ज्यांचं म्हणणं कचेरीच्या पायरीपर्यंतही पोचत नाही त्यांचं म्हणणं आत नेऊन ठेवायचं आणि उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा जात राहायचं, एवढंच आम्ही करायचो. बाजारातल्या कमानिया वेशीजवळ एका कापडदुकानाच्या माडीवर आमची खोली होती. सभासद म्हणजे मास्तर, वकील, कारकून, एक निवृत्त ओव्हरसियर. निम्मे मराठी, निम्मे हिंदी बोलणारे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी बैठक व्हायची. मी चिटणीस होतो.

मंडळाचा एक रिवाज होता आणि त्याचा आम्हांला अभिमान होता. मतं मोजायची नाहीत. सगळे 'हो' म्हणाले तर काम करायचं. एकाची जरी 'ना' असली, तरी विषय पुढच्या बैठकीत ठेवायचा आणि तोवर त्या एकाशी शांतपणे बोलायचं. दुसरं असं, की कुणी सभासदानं एकट्यानं कुणाला शब्द द्यायचा नाही. गावातल्या दुसऱ्या एका संस्थेत मतं मोजता मोजता माणसं हातघाईवर आलेली आम्ही पाहिली होती. आमच्यात कधी आवाज चढला नाही. अध्यक्ष निवृत्त वकील होते, अतिशय सज्जन. ते म्हणायचे, "भैया, घाई ही हिंसाच आहे एक प्रकारची." आम्ही माना डोलवायचो.

दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या सुमाराला मंडळानं ग्वारीघाटावरच्या महारोग्यांचा प्रश्न हाती घेतला. नर्मदेवर स्नानाला जाताना पायऱ्यांच्या कडेनं ती माणसं बसलेली असत. अंगावर चिंध्या, समोर पसरलेलं फडकं. स्नान करून वर येणाऱ्या बायका मूठभर तांदूळ लांबूनच टाकत. बरेचसे दाणे फडक्याबाहेर पडत, आणि बोटं नसलेल्या हातांनी ते दगडावरून गोळा करणं ज्यानं पाहिलं असेल त्याला मी काय म्हणतो ते कळेल. गावाबाहेर महारोग्यांचा एक आश्रम होता, पण तो भिकाऱ्यांना घेत नव्हता. त्यांना तिथं जागा मिळावी, छप्पर मिळावं, रोगावरच्या कडू तेलाच्या सुया मिळाव्यात, यासाठी आम्ही म्युनिसिपल कमिटीत, कचेरीत, आश्रमाच्या व्यवस्थापकांकडे चकरा मारल्या. वर्षभर तरी गेलं असेल. घाटावरच्या लोकांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं, कारण मास्तराला सुट्या असतात.

मी जायचो, पण आधी वारा कुठून येतो ते पाहायचो. मग वाऱ्याच्या वरच्या अंगाला, चारदोन पायऱ्या वर उभा राहून बोलायचो. आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटायची नाही. बाकीचे सभासद तर तितकंही जवळ जात नव्हते.

तिथं माझ्याशी बोलायची ती एकच बाई. भंडाऱ्याकडची होती. नवऱ्याला रोग झाल्यावर गावानं काढलं म्हणून दोघं नर्मदामाईच्या आसऱ्याला आली आणि इथंच राहिली. नवऱ्याचे डोळे जवळजवळ गेले होते. सगळ्यांच्या फडक्यांतले तांदूळ एका हंडीत घेऊन ती वडाखाली चूल मांडायची आणि सगळ्यांना वाढायची. मी मराठी बोलतो हे कळल्यावर ती खुलली.

"मास्तर, तू आपल्या बोलीचा हायस. तुले खरं खरं विचारते. आमाले कोठी नेऊन राहिले?"

"आश्रमात. पक्कं छप्पर आहे, दोन वेळचं जेवण आहे, डॉक्टर आहे."

"दोघालेबी?"

"हो, दोघांनाही."

"एकाच जागी?"

"एकाच जागी," मी म्हणालो.

हा शब्द मी एकट्यानं दिला. मंडळाचा रिवाज मी मोडला तो इथं, आणि मोडला हे माझ्या ध्यानातही आलं नाही. कारण मला ते इतकं उघड वाटत होतं. ती त्यांच्यात बसायची, त्यांच्यात जेवायची, म्हणजे तीही रोगी असणार. तिच्या हातांकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. जिथून मी बोलायचो तिथून ते दिसत नव्हते.

न्यायचा दिवस आला. कमिटीच्या बैलगाड्या घाटावर उभ्या राहिल्या. आमचे सभासद धुतलेले कपडे घालून आले होते. एकानं पेढे आणले होते, ते आम्ही आपापसातच वाटले. डॉक्टर एकेकाला तपासून गाडीत बसवत होते. तिच्या नवऱ्याला चढवलं. मग ती पुढं झाली. डॉक्टरांनी तिचे हात उलटसुलट करून पाहिले, पाठ पाहिली, पायाला टाचणी टोचली. ती ओरडली.

"ये तो अच्छी-भली है," डॉक्टर म्हणाले. "इसको क्यों लाए? चलो, अगला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष डॉक्टरांशी बोलायला गेले आणि मान हलवत परत आले. नियम आश्रमाचा होता. तो वाईट नियम होता असंही नाही. धडधाकट माणसाला महारोग्यांत का ठेवायचं?

गाडी हलायच्या आधी नवऱ्यानं आतून विचारलं, "बसली का वं?"

ती गाडीच्या मागच्या फळीला धरून खाली उभी होती. "बसली," ती म्हणाली.

फळी तिच्या हातातून सुटली. गाड्या चढावर लागल्या. मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो, आणि तिचे हात पहिल्यांदाच नीट पाहत होतो. चुलीनं काळे झालेले, दहाही बोटं शाबूत.

त्या संध्याकाळी मंडळाच्या खोलीत सगळे आनंदात होते. घाट मोकळा झाला, माणसांना छप्पर मिळालं. मीही हसत होतो. ती कुठं गेली हे कुणी विचारलं नाही.

ती गाड्यांच्या मागे मागे चालत आश्रमापर्यंत गेली होती, हे मला पुढं कळलं. फाटकावरच्या शिपायानं तिला हाकललं. मग तिनं माझं घर शोधून काढलं. मी घमापुरात राहत होतो, अजूनही तिथंच राहतो. घरासमोर रस्त्यापलीकडे एक कडुनिंब आहे. एका सकाळी शाळेत निघालो तर ती त्याच्या बुंध्याशी बसलेली.

"मास्तर, बोल न."

"काय बोलू?"

"तुले बोलता येते न! त्या सायबाशी बोलला, डॉक्टरशी बोलला, साऱ्या गावाशी बोलला. आता माझ्यापायी बोल."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं पडलं असतं.

मी आश्रमात गेलो. व्यवस्थापक भला माणूस होता. तो म्हणाला, बाईला आत घेता येणार नाही, पण माणसाला बाहेर सोडता येईल. कुणी जबाबदार गृहस्थानं हमी घ्यावी, की हा रस्त्यावर भीक मागणार नाही, आणि त्याला राहायला वेगळी जागा द्यावी. मग सरकारची हरकत नसते. सुयांसाठी आठवड्यातून एकदा आणलं की झालं.

मी परत येऊन तिला हे सांगितलं. ती ऐकत होती आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत होती. घराच्या कडेनं रस्त्यावरून दिसणाऱ्या आमच्या परसात एक गोठा होता. आईच्या वेळी गाय होती. गाय गेल्यावर त्यात लाकडं आणि मोडक्या खाटा पडून होत्या.

"तो गोठा रिकामा हाय न?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "मंडळाला विचारावं लागेल. पुढच्या बैठकीत ठेवतो."

"काहून? गोठा मंडळाचा हाय?"

"नाही. माझाच आहे. पण असं एकट्यानं करत नाही आम्ही."

"अच्छा," ती म्हणाली आणि पुन्हा झाडाखाली जाऊन बसली.

मी तेव्हा स्वतःला काय सांगितलं ते मला चांगलं आठवतं. एकदा एकट्यानं शब्द दिला, त्याचा हा परिणाम. आता रिवाजानं जायचं. हे मला प्रामाणिकपणे पटलं होतं. आणि त्याच वेळी छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखंही झालं होतं, हेही खरं.

पहिल्या बैठकीला लग्नसराईमुळे पुरेशी माणसं आली नाहीत. दुसऱ्या बैठकीत विषय निघाला. ओव्हरसियर म्हणाले, "मास्तर, तुमची भावना फार उच्च आहे. पण उद्या दुसरा आला तर? तिसरा आला तर? मंडळाचं धोरण काय? आपण जागा मागणारे आहोत, देणारे नाही." कुणीतरी हसलं. अध्यक्ष म्हणाले, "प्रश्न तत्त्वाचा आहे. विचार करू." विषय पुढच्या बैठकीत गेला. माडीचा जिना उतरताना मी शीळ घालत होतो हे माझं मलाच ऐकू आलं, आणि मी थांबलो.

ती रोज येऊन बसायची. दिवसभर कुठंतरी भांडी घासायचं काम मिळालं होतं तिला, ते करून उन्हं कलली की यायची. काही मागायची नाही. मी शाळेतून आलो की उभी राहायची, माझं तोंड पाहायची आणि पुन्हा बसायची. विचारायची गरज तिला पडत नव्हती. मी मागच्या गल्लीनं घरात शिरायला लागलो.

माझ्या बायकोनं एक दिवस विचारलं, "अहो, ती बाई काहून बसून राहते तिथं?"

"मंडळाचं काम आहे."

"मंडळाचं काम गोठ्यात आहे म्हणे," ती म्हणाली. "मी पाणी द्यायला गेली होती. सगळं सांगितलं तिनं मला."

मी वहाणा काढायला वाकलो.

"मला भीती वाटते, खरं सांगते. लेकरं आहेत घरात. मी कदाचित 'नाही'च म्हटलं असतं. पण तुम्ही साऱ्या गावाला विचारून राहिले, मला नाही विचारलं. जिच्या घरात गोठा, तिलाच नाही."

"ठराव झाला की विचारणारच होतो."

"वा! म्हणजे माझी 'ना' ऐकायला कुणी उरलंच नसतं."

ती रागावून आत गेली. खरी गोष्ट याहून वाईट होती. मी तिला विचारलं नव्हतं ते तिच्या 'ना'ला भिऊन नाही. ती 'हो' म्हणेल याची मला धास्ती होती.

तिसऱ्या बैठकीत सगळ्यांची 'हो' झाली. ओव्हरसियरांनीही मान डोलवली. विशेष बाब म्हणून चिटणीसांना त्यांच्या खाजगी जागेत एका रोग्याची सोय करण्यास मंडळाची संमती आहे, असं ठरलं आणि माझं अभिनंदनही झालं. मी घरी आलो. झाडाखाली कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नव्हतं, तिसऱ्या दिवशीही नव्हतं. बायको म्हणाली, "चार-सहा दिवस झाले, मला दिसली नाही. तुम्ही मागनं येता, तुम्हांला कसं कळणार?"

मी शोधायला लागलो. जिथं ती भांडी घासायची त्या घरी विचारलं. त्यांनी तिला काढून टाकलं होतं, कारण तिचा नवरा कोढी आहे हे त्यांना कुणाकडून तरी कळलं. ओमतीच्या ठाण्यात गेलो. जमादार म्हणाला, "नाम क्या है औरत का?" मला माहीत नव्हतं. वर्षभर मी तिच्याशी बोलत होतो, तिच्यासाठी बोलत होतो, आणि तिचं नाव विचारायचं मला सुचलं नव्हतं. "मास्टरजी," तो हसून म्हणाला, "बिना नाम के किसको ढूँढें? इतना बड़ा शहर है." घाटावर गेलो. एक नावाडी म्हणाला, नदीच्या काठाकाठानं वर जाताना पाहिली. दुसरा म्हणाला, छे, ती तर पाण्याजवळ बसून असायची नुसती, मग दिसली नाही. दोघंही खात्रीनं सांगत होते.

पायऱ्या स्वच्छ होत्या. स्नान करून आलेल्या बायका मोकळ्या हातानं वर चढत होत्या. त्या कडेला आता कुणीच बसत नव्हतं, तरी सगळ्या अजून तेवढी जागा सोडून चालत होत्या.

तेव्हापासून ती मला दिसते. बाजारात, गाडीअड्ड्यावर, शाळेच्या भिंतीशी. काळ्या हाताची कुठलीही बाई पाठमोरी उभी असली, की मी तिला वळसा घालून पुढं जातो आणि तोंड पाहतो. बायका घाबरतात. एकदा एकीच्या भावानं माझी मानगूट धरली होती.

शेवटी मी आश्रमात तिच्या नवऱ्याला भेटायला गेलो. तो भिंतीला टेकून उन्हात बसला होता. माझा आवाज त्यानं ओळखला.

"मास्तर? या. तिकडं बायकांच्या ओसरीत बरी हाय न ती?"

आश्रमातल्या कुणीही त्याला सांगितलं नव्हतं, किंवा सांगायचं टाळलं होतं. मी या वेळी वारा पाहिला नाही, त्याच्याजवळ खाली बसलो आणि सांगितलं. ती गाडीत बसलीच नव्हती. माझ्या घरासमोर येऊन बसत होती. आता कुठं आहे ठाऊक नाही.

तो भिंतीपासून पुढं सरकून बसला. मग म्हणाला, "मले ठाऊक व्हतं."

"काय?"

"बसली नाही ते. तिच्या लुगड्याले चुलीच्या धुराचा वास राहते. गाडीत वास नव्हता." तो थोडा हसला. "तिले वाटलं, मले समजलं तर मी उडी मारन. मारली असती. म्हणून म्या बी विचारलं नाही पुन्हा. तिनं एवढं खोटं सांगितलं, ते वाया कायले जाऊ द्याचं?"

मी त्याला गोठ्याचं सांगितलं. मंडळाची संमती मिळाली आहे, हेही सांगितलं.

"आता मी एकटा गोठ्यात काय करू, मास्तर? इथं चार माणसं हायेत." मग त्यानं मानेनं पलीकडच्या ओसरीकडे खूण केली. "तो बुढा हाय न, दमोहकडचा. त्याची बायको अजून फाटकापाशी येते. रोज येते, शिपाई रोज हाकलते. त्याले ने."

ओसरीवर एक काटकुळा म्हातारा पाय पसरून बसला होता आणि आमच्याकडे कान लावून होता. मी त्याला ओळखत नव्हतो. त्याच्याविषयी मंडळात कधी चर्चा झाली नव्हती.

घरी येऊन मी बायकोला विचारलं. ती स्वयंपाक करत होती. पाठ न वळवता तिनं बरंच विचारलं. पाणी कुठून भरतील, लेकरांनी किती लांब राहायचं, भांडी वेगळी ठेवायची ना. मग म्हणाली, "लाकडं कुठं ठेवायची, ते तुम्ही बघा." मी लाकडं हलवली.

मंडळाला मी विचारलं नाही. बैठकीत ते कळलं तेव्हा अध्यक्ष दुखावले. "पद्धत म्हणून काही आहे की नाही, मास्तर?" एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षी मंडळाच्या सभेत त्यांनीच या कामाचा गौरवानं उल्लेख केला. तोवर मी चिटणीस राहिलो नव्हतो.

म्हातारा आणि त्याची बायको गोठ्यात येऊन आता बरीच वर्षं झाली. दूधवाला बरेच दिवस दूध फाटकाबाहेर ठेवून जायचा. शेजारच्या घरची येणीजाणी थांबली ती अजून पुरती सुरू झालेली नाहीत. माझ्या थोरल्या मुलीचं लग्न दोनदा मोडलं. कारण कुणी तोंडानं सांगितलं नाही. ही दोघं माझे उपकार मानतात असंही नाही. म्हातारी म्हणते, छप्पर गळतं, आणि तिचं बरोबर आहे.

घाटावरच्या त्या बाईचा नवरा आश्रमातच वारला. मी अधूनमधून जायचो. गेलो की तो आधी विचारायचा, "भेटली का?" मी 'नाही' म्हणायचो. मग आम्ही दोघं भंडाऱ्याकडच्या पाण्यापावसाचं बोलायचो. त्याच्या शेवटच्या दिवसांत एकदा मी त्याला तिचं नाव विचारलं. त्यानं सांगितलं. ते मी कुणालाही सांगितलेलं नाही, इथंही लिहीत नाही. ठाण्यात जाऊन सांगायला मात्र तेव्हा फार उशीर झाला होता. तरी मी गेलो. जमादार बदलला होता.

हल्ली नवी मुलं अशी मंडळं काढतात आणि मला बोलवतात. मी जातो, पण उपदेश करत नाही. लोकांसाठी बोलायचंच नाही असं मी म्हणत नाही. आश्रमात गेलेल्यांपैकी काहींचे हात वाचले, सुयांनी काहींचे डाग गेले, ते आमच्या बोलण्यानंच झालं. पण मला विचाराल तर, माझ्याकडे काय रिकामं पडून आहे हे मी सगळ्यांत शेवटी पाहिलं.

म्हातारा-म्हातारी बुंदेलखंडीत भांडतात. सकाळी उठल्यापासून सुरू होतं. ती म्हणते, तुला कमी ऐकू येतं. तो म्हणतो, तू ऐकण्यासारखं काही बोलत नाहीस. तंबाखू कुणी संपवली, गोधडी कुणी ओढली, दमोहला असताना आंब्याचं झाड कुणी विकलं. झाड विकलेलं त्याला पटत नाही आणि तो तिला ते विसरू देत नाही. काल माझ्याकडे पाहुणे आले होते आणि परसातून त्यांच्या शिव्या सरळ बैठकीपर्यंत येत होत्या.

बायको आतून म्हणाली, "अहो, सांगा न त्यांना जरा हळू!"

मी उठलो, परसाच्या दारापर्यंत गेलो. म्हातारी त्याच्या बोटं नसलेल्या पायाला तेल चोळत होती आणि तोंडानं त्याच्या साऱ्या खानदानाचा उद्धार करत होती. मी काही न बोलता दार ओढून घेतलं आणि पाहुण्यांकडे परत आलो.